आधी हिसका, मग चौकशी?

वाटाड्या (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत एक प्रकार झाला. दुसरीतला एक मुलगा शाळेतून वेळेवर घरी आला नाही. आई ऑफिसात, तिने घरी आजीला फोन केला, आजी म्हणाली अजून नाही आला, आणि आईने घाबरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की कुणाला दिसला का. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढच्या वीस मिनिटांत काय झालं तर आधी कुणीतरी विचारलं व्हॅन कुणाची, मग एकीने लिहिलं की तो माणूस मला पहिल्यापासूनच बरोबर वाटत नव्हता, मग त्याचा फोटो आला (शाळेच्या गॅदरिंगला काढलेला, त्यात तो पोरांबरोबर हसतोय) आणि मग मी लिहिलं. जसंच्या तसं देतो. 'असल्यांना पोलिसात देऊन काही होत नाही, आधी इथेच हिसका दाखवा.'

मी तेव्हा ऑफिसच्या बसमध्ये होतो. खिडकीची सीट, एसी चालू. हे सांगतोय कारण मला राग आला होता का, तर खरं सांगू, फारसा नव्हता. सगळे लिहीत होते म्हणून लिहिलं.

तो दुसऱ्या ट्रिपची मुलं सोडायला गेटवर आला तेव्हा खाली पंधरा-वीस जण जमलेले. काच फुटली, त्याच्या दोन-तीन कानाखाली बसल्या, आणि आत अजून चार पोरं बसली होती, ती रडत होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुलगा सापडला बी विंगमध्ये, मित्राकडे कॅरम खेळत. व्हॅनवाल्याने त्याला रोजच्यासारखं गेटच्या आत सोडलं होतं, तो घराऐवजी मित्राकडे गेला, एवढीच गोष्ट.

माफी कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर चर्चा अशी की आईने एवढं घाबरवायची काय गरज होती. मग नोकरी करणाऱ्या बायकांना घर कसं जमत नाही यावर दोन लांबलचक फॉरवर्ड. मग त्या मित्राच्या आजीने कळवायला नको होतं का. तीन दिवसांत तीन आरोपी. जे खाली उभे होते आणि ज्यांनी लांबून लिहिलं, त्यांचा नंबर काही लागला नाही.

आता प्रश्न. आपण पहिल्यापासून असेच आहोत का हे फोनमुळे झालंय? माझे वडील म्हणतात गावात असं नव्हतं, सगळे एकमेकांना ओळखायचे. आणि दुसरा प्रश्न, मी आता काय करावं? व्हॅन दुसऱ्याच माणसाची लागलीये, तो परत आला नाही.

खवचट

वडिलांना म्हणावं गावात सगळे एकमेकांना ओळखायचे म्हणूनच तर वाळीत टाकता यायचं. अनोळखी माणसाला कसं वाळीत टाकणार? :)

बाकी धागा प्रामाणिक आहे म्हणून आज जास्त बोलत नाही.

सावळी

वाटाड्या, एक विचारते. बाबा कुठे होते हा प्रश्न तुमच्या ग्रुपवर एकदा तरी आला का? आई ऑफिसात होती हे सगळ्यांना माहीत झालं, बाबा काय करत होते ते मला तुमची एवढी मोठी पोस्ट वाचूनही कळलेलं नाही.

वाटाड्या

नाही आला प्रश्न. बाबा ग्रुपवरच होते. माझ्या मेसेजला त्यांचा अंगठा आहे.

सावळी

वाटलंच.

मी पण नोकरी करते, मुलाला साधा ताप आला तरी सासूबाई, शेजारी, वर्गशिक्षिका सगळ्यांची नजर आधी माझ्याकडे वळते. तोंडाने कुणी काही म्हणत नाही हं, 'दमत असशील गं' एवढंच म्हणतात. आजींच्या काळात पोर विहिरीत पडलं तरी आईलाच बोल लावायचे पण निदान तेव्हा घरात दहा माणसं होती, दोष दहा ठिकाणी वाटला जायचा. आता घरात माणसं तीन आणि दोष द्यायला अख्खी सोसायटी. बाई बाहेर पडली हे सगळ्यांनी मान्य केलंय, पगार तर फारच मान्य आहे, पण काही बिनसलं की लोक लगेच जुन्या हिशेबाची वही उघडतात.

पाटीपेन्सिल

पहिल्या प्रश्नावर लिहितो, आवडीचा विषय आहे त्यामुळे थांबवा वेळेवर.

आपल्याकडे याला शब्दच आहे, ग्रामण्य, म्हणजे जातीने एखाद्याची चौकशी करून त्याला वाळीत टाकणं. सगळ्यात गाजलेलं म्हणजे पंचहौद मिशनचं. १८९० साली पुण्यातल्या या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं, नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळकही होते. कुणी चहा प्यायलं, कुणी कप हातात धरून ठेवला, कुणी नुसता बाजूला सरकवला. मग गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान, हा माणूस म्हणजे स्वतंत्र धाग्याचा विषय आहे) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. म्हणजे आजच्या भाषेत स्क्रीनशॉट व्हायरल केला. पुढे शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशीला कमिशन, प्यायला का नुसता घेतला यावर काथ्याकूट. टिळकांनी सांगितलं मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, आणि घेतलं म्हणून सुधारकांनी त्यांना झोडपलं. दोन्हीकडून मार.

त्याच पुण्यात आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. प्रतिमेची. स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःची तिरडी बघितलेला माणूस. त्याआधी १८४८ नंतर सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल यायचा, त्या जादाचं लुगडं बरोबर ठेवायच्या. ते फेकणारे कोण होते? एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

तेव्हा फोनने काही नवीन आणलेलं नाही. पण एक फरक आहे. ग्रामण्यात चौकशी होती, बाजू मांडता यायची, आणि प्रायश्चित्त घेतलं की परत पंगतीत बसता यायचं. आपल्या या नव्या प्रकारात आत ढकलायला दार आहे, बाहेर यायला नाही. तुमचा तो व्हॅनवाला कुठे जाऊन सांगणार की मी नव्हतो?

तिखटमीठ

पाटीपेन्सिल, माहिती भारी पण शेवट वाचून डोकं फिरलं, माफ करा. परत पंगतीत बसता यायचं म्हणजे कुणाला? रानड्यांना. ज्यांना मुळात पंगतीतच घेत नव्हते त्यांना कुठलं प्रायश्चित्त होतं?

२० मार्च १९२७, महाड. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, बरोबर हजारो लोक. पाणी पिऊन लोक मंडपात परत आले, जेवायला बसत होते, आणि गावात उठवून दिलं की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. देवळात जायचा कार्यक्रमच नव्हता. तरी लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला, जे एकटेदुकटे सापडले त्यांना बडवलं. नंतर तळं 'शुद्ध' केलं, १०८ घागरी ओतून, शेण गोमूत्र दूध दही. कुठली चौकशी आणि कुठलं कमिशन? व्हॉट्सॲपही नव्हतं. अफवा पसरायला नेट लागत नाही, आधीपासून मनात असलेली भीती पुरते.

आणि मुरूडला काय केलं? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर गावाने घरच्यांनाही बहिष्काराची भीती घातली. आई गावात राहात होती, लग्न तिने केलं नव्हतं. त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न, आता मुरूडला अभिमान.

पाटीपेन्सिल

मान्य. 'परत यायचं दार' हे वाक्य मी माझ्या आजोबांच्या ओसरीवर बसून लिहिलं, गावकुसाबाहेरून बघितलं तर तिथे भिंतच होती. महाड माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

माळरान

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री भागातला. हा विषय निघाला की आमच्याकडे लोक उठून जातात, तरी लिहितो.

१ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागत फिरणारे. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला एवढं निमित्त, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. आधी दोन आठवडे सगळ्या मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक तर पाकिस्तानातल्या कुठल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा, शेवट कापलेला. त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे संपवलं. पाचही.

आता जे मला सतावतं ते सांगतो. डवरी गोसावी, नंदीवाले, बहुरूपी हे काय आमच्याकडे नवीन आहेत? माझी आजी अशा माणसाला ओसरीवर बसवायची, कुठून आलास रे बाबा विचारायची, सूपभर धान्य घालायची. दरवर्षी ठरल्या महिन्यात ठरलेला माणूस यायचा. आता धान्य नाही, ओसरी नाही, शेतं विकली, पोरं सुरतेला नाशिकला कामाला. भटक्याच्या तोंडावरून तो कोण हे ओळखणारी पिढी गेली आणि त्याच्याकडे बघून मोबाईल काढणारी आली. गाव तेच, माणूस तोच, ओळख तेवढी मधल्यामधे गळून पडली.

त्याच दिवशी मालेगावात पण झालेलं. परभणीकडचं कुटुंब, बरोबर दोन वर्षांचं लेकरू, लोक म्हणाले हे लेकरूच पळवलेलं. तिथे काही जणांनी त्यांना घरात घेऊन दार लावलं, पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. पोलिसांची गाडी फोडली पण माणसं वाचली. शेजारचाच जिल्हा, तोच दिवस, तेच व्हिडिओ. फरक दार लावणाऱ्यांचा. त्यांच्याबद्दल कुणी धागे काढत नाही.

खवचट

माळरान, _/\_

आज खवचटपणा सुचत नाहीये.

काळा कोट

थोडं कायद्याचं, कारण वाटाड्यांनी 'काय करावं' विचारलंय.

१) राईनपाड्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत, १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेवर निकाल दिला, प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा नोडल अधिकारी नेमा वगैरे. व्हॉट्सॲपनेही त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

२) १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा 'किंवा तत्सम कारणावरून' केलेल्या खुनाला वेगळी तरतूद आहे, फाशी किंवा जन्मठेप. (तारीख बघा, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं. योगायोग.) पण अफवा हे 'तत्सम कारण' होतं का यावर वकील मंडळींची घरं चालणार.

३) वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा, अंमल ३ जुलै २०१७ पासून. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतींच्या दंडांना आणि बहिष्कारांना कंटाळलेल्या लोकांनी पाठपुरावा करून मिळवलेला. त्याचा तुमच्या प्रकरणाशी संबंध नाही पण ग्रामण्य निघालं म्हणून.

४) तुमचा मेसेज. 'हिसका दाखवा' आणि नंतर खरंच मारहाण, याला कोर्टात चिथावणी म्हणू शकतात. घाबरवत नाहीये. व्हॅनवाल्याने तक्रार केली नाही कारण त्याला उद्या दुसऱ्या सोसायटीची मुलं मिळवायची आहेत, एवढंच.

आणि उलट बाजूही लक्षात असू द्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते नुसतं लाईक केलं. वर पहिलीच्या काकांचा दवाखाना फोडला. काकांनी काय लिहिलं होतं? काहीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तिथे आधार घेतला ते २४ मार्च २०१५ ला रद्द झालं, पण संतापलेल्या जमावाला नातेवाईक चालतात ही पद्धत कुठल्या कोर्टाने रद्द करायची?

रात्रपाळी

सरकारी रुग्णालयात काम करतो, कुठल्या ते विचारू नका. दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्ध आमच्यासाठीही २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसान दुप्पट भरायचं. कॅज्युअल्टीत बोर्ड लावलाय. त्याच बोर्डाखाली माझ्या सहकाऱ्याने मार खाल्लाय.

एक निरीक्षण सांगतो, माझ्यापुरतं. रात्रंदिवस उशाशी बसलेला मुलगा किंवा सून कधी हात उचलत नाही. त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलेलं असतं, सलाईन कधी लागलं, ब्लड कुणी आणलं, डॉक्टर किती वेळा आले. हात उचलतो तो चौथ्या दिवशी गाडीतून उतरलेला. पुतण्या, मेहुणा, गावचा कुणी. त्याने आजारपणात फोनही केलेला नसतो आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. मग तो येतो आणि सगळ्यात मोठ्याने विचारतो, कोण होता ड्युटीवर? मला आता आवाजावरून कळतं की हा किती उशिरा आलाय.

आणि हो, कधी कधी चूक आमची असते. खरंच असते. पण मारामारी झाली की ती चूक तपासायची राहूनच जाते, आम्ही संपावर, ते पोलीस स्टेशनात, फाईल कपाटात.

तिखटमीठ

रात्रपाळी, शेवटच्या दोन ओळींसाठी धन्यवाद, असं लिहायला धाडस लागतं.

पण इथे सगळे लोकांच्या संतापालाच शिव्या देतायत म्हणून दुसरी बाजू मांडते. संताप नसता तर काय झालं असतं? देसाईगंजचं मथुरा प्रकरण. १९७२, पोलीस ठाण्यातच अत्याचार, मथुरा नावाची आदिवासी मुलगी. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही म्हणून. दोष कुणाच्या पदरात गेला ते सांगायला नको. ते प्रकरण तिथेच संपलं असतं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बक्षी, केळकर, लोतिका सरकार, वसुधा धागमवार. मग १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. तिला स्वतःला न्याय मिळाला नाहीच, पण नंतरच्यांसाठी काहीतरी झालं.

म्हणून 'लोकांनी शांत राहावं' असं कुणी म्हटलं की मला संशय येतो. शांत राहिल्याने कुणाची सोय होते ते बघा.

पाटीपेन्सिल

शंभर टक्के. आणि त्या पत्राखाली चार सह्या होत्या, पूर्ण नावानिशी, नोकऱ्या सांभाळून. राग निकालावर होता, निकालातलं कुठलं वाक्य चुकलं ते दाखवलं होतं. वाटाड्यांच्या ग्रुपवरचा राग व्हॅनवर होता कारण व्हॅन समोर होती.

सावळी

ग्रुपवर पण पूर्ण नावं असतात की, फ्लॅट नंबरसकट. फक्त तिथे कुणाला ती सही वाटत नाही.

काळा कोट

वाटाड्या, पुढे काय केलंत? प्रश्न विचारून गायब झालात.

वाटाड्या

आलो. गायब नव्हतो, सगळं वाचत होतो. सावळींचं वरचं वाक्य वाचल्यावर उठलो आणि शोधाशोध केली. जुन्या वॉचमनकडून पत्ता मिळाला. काल रविवारी गेलो.

तो घरी नव्हता, टेम्पोवर जातो आता, माल पोचवायला. बायको होती. मी दारातच सांगितलं की मी अमुक सोसायटीतला, त्या दिवशीबद्दल माफी मागायला आलोय. ती म्हणाली, नाव काय? सांगितलं. मग ती आत गेली आणि मुलीची शाळेची वही घेऊन आली, मागच्या पानावर यादी होती. आमच्यातल्याच कुणीतरी त्याला सगळे मेसेज पाठवलेले, फोन खराब होईल म्हणून तिने उतरवून ठेवलेले. नाव, नंबर, काय लिहिलं. एकूण सतरा. तिने बोट फिरवत माझं नाव काढलं आणि मोठ्याने वाचलं. माझा चौथा. 'हिस्का' असं लिहिलंय तिने.

मी उभाच होतो. काय बोलावं कळेना, पैसे देऊ का विचारलं, तर म्हणाली काच आम्ही केव्हाच बसवली. मग विचारलं, तुम्ही इथे आलाय ते बाकीच्यांना माहितीये का? मी म्हटलं नाही. तर म्हणाली, ते जिथं लिहिलं होतं तिथं लिहा ना मग. इथे कोण बघतंय.

चहा विचारला नाही तिने, बरं झालं.

खवचट

लिहिलंत?

वाटाड्या

लिहिलं. आज सकाळी आठ दहाला. नावानिशी, तो जुना मेसेज परत वर टाकून, खाली की हे मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं, त्या माणसाने मुलाला गेटच्या आत सोडलं होतं. आत्तापर्यंत त्रेसष्ट जणांनी वाचलाय असं दिसतंय. खाली एकच उत्तर आलंय, उद्या टँकर किती वाजता येणार.